पेटी, तार आणि दोष : मराठवाड्यातील दूरचित्रवाणीचा एक इतिहास

दूरचित्रवाणीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे मुंबई केंद्राची २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख सांगावयाची आणि मग लोकप्रिय मालिकांची नावे घ्यावयाची, असा परिपाठ पडून गेला आहे. नांदेड-लातूरकडच्या श्रोत्यांना त्या इतिहासात आपले असे फारसे सापडत नाही. कारण मुंबईचे चित्र पुष्कळ वर्षे आपल्यापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून आज आम्ही कार्यक्रमांना बगल देऊन तारेचा इतिहास सांगणार आहोत. पडद्यावर चित्र नाही, तर दोष कोठे आहे? हा प्रश्न आपल्या भागात निरनिराळ्या काळी कसा सुटला, आणि तो सोडविण्याचे ज्ञान कोणाच्या हाती होते, एवढाच आमचा विषय आहे.

उपग्रहाचे चित्र प्रथम आले ते आपल्या शेजारी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष एटीएस-६ ह्या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा व रायचूर आणि त्या वेळच्या आंध्रातील मेदक व महबूबनगर हे जिल्हे होते. १९५६ पर्यंत हे सारे आपल्यासह एकाच हैदराबाद राज्यात नांदलेले. पण कार्यक्रमांच्या भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया अशा ठरल्या. मराठी त्यांत नव्हती. भाषावार प्रांतरचनेने आपणास महाराष्ट्र दिला हे खरेच, पण ह्या एका बाबतीत देगलूर-उदगीरची माणसे सीमेच्या चुकीच्या बाजूस राहिली.

त्या खेड्यांतील साहित्य पाहण्यासारखे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री, आणि छत्री व संच ह्यांच्यामध्ये एक लहानशी पेटी. छत्रीने पकडलेली लहर साध्या संचाला समजेल अशी करून देणे हे त्या पेटीचे काम. आज आपण जिला सेट टॉप बॉक्स म्हणतो तिची ही आजीच. संच गावाच्या मालकीचा समजला जाई. बिघडल्यास देखभालीच्या केंद्रातून माणूस येई. गावाने बघावयाचे, उघडावयाचे नाही, असा तो काळ.

आपल्याकडे चित्र आले ते त्यानंतर. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ब आकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. ह्या केंद्रांची शक्ती अवघी १०० वॅट. म्हणजे खोलीतल्या एका जुन्या दिव्याएवढी. गावाच्या आसपास चित्र ठीक, पुढे आपले नशीब. मागाहून बालाघाटच्या माथ्यावर अंबाजोगाईचा मोठा मनोरा आला, तेव्हा तिकडे तोंड करून ठेवलेल्या अँटेना लातूरच्या गच्च्यांवर दिसू लागल्या.

ह्या काळाबद्दल आम्हांस विशेष ममत्व आहे, आणि ते केवळ आठवणींचे नव्हे. त्या वेळचा दोष बोलका होता. पडद्यावर मुंग्या आल्या तर समजावे, लहर दुबळी आहे. चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली दिसली, तर लहर कोठल्या टाकीवर किंवा भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा येत आहे. आडव्या पट्ट्या सरकू लागल्या तर शेजारची पिठाची गिरणी किंवा मोटार शंकास्पद. गच्चीवरून एकाने “आलं का?” विचारावयाचे, खालून दुसऱ्याने “होतं, गेलं!” म्हणावयाचे, आणि असे करीत काठी बोटभर फिरवीत न्यावयाची. विजेचे शास्त्र न शिकलेली माणसे ह्या रीतीने बिनचूक निदान करीत. बूस्टर मात्र लोकांनी उगाच संचाच्या मागे बसविला. तो काठीच्या टोकाशीच हवा. तारेत शक्ती खर्ची पडल्यावर वाढविली तर चित्राबरोबर मुंग्याही वाढतात.

१९९१ च्या आखाती युद्धाने केबलचा देशात बोलबाला केला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी वाहिनी सुरू झाली आणि १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. तोवर तार गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर, आणि क्वचित लिंबाच्या झाडावरूनही गेली होती. दोष आता आपल्या घराबाहेर गेला. भारनियमनाच्या दिवसांत तर मौजच होई. आपल्या गल्लीत वीज आहे, संच चालू आहे, पण चित्र नाही. कारण वाटेतील अँप्लिफायर ज्या गल्लीत लटकत आहे तेथील वीज गेलेली! केबलवाल्याचा पोरगा सायकलवर वायर टाकून फिरे, त्यालाच ह्या जाळ्याचा नकाशा पाठ असे. तो नकाशा कागदावर कोणी काढला नाही, ही आमच्या मते हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

घरात दुसरा संच आला आणि स्प्लिटर नावाची चिमुकली डबी आली. एका तारेच्या दोन वाटा केल्या की प्रत्येकीस निम्म्याहून थोडी कमीच शक्ती मिळते. चार केल्या तर पाव हिश्शाहून कमी. जुन्या पद्धतीत ह्याने चित्र फिकट होई, एवढेच. लोक चालवून घेत.

हे चालवून घेणे नव्या पद्धतीने संपविले. डिजिटल केबलसाठी नांदेड-लातूरसारख्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन काही ठिकाणी ती लांबली, पण पेटी घरोघर आलीच. डिजिटल चित्र फिकट होत नाही. लहर पुरेशी असेल तोवर ते स्वच्छ. किंचित खाली घसरली की चौकोनी तुकडे, आणि मग एकदम अंधार. पंधरा वर्षे चिकटपट्टीत गुंडाळून ठेवलेले सांधे, पावसाचे पाणी शिरलेली तार, सैल पिन हे सारे जुने दोष ह्या एका उंबरठ्यावर उघडे पडले. लोक म्हणाले, पेटी वाईट. आमचे मत असे की, पेटी बहुधा निर्दोष होती. तिने तारेचा इतिहास वाचून दाखविला.

छत्रीवाल्या घरांत आणखी एक पेच पडला. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला पेटी तारेतूनच वीज पाठविते: एका जातीच्या लहरीसाठी १३ व्होल्ट, दुसरीसाठी १८. साध्या स्प्लिटरने दोन पेट्या एकाच यंत्राला जोडल्या, की एक १३ मागते, दुसरी १८. यंत्र एकाचेच ऐकणार. म्हणून आजोबांचे कीर्तन लागले की नातवाची क्रिकेटची वाहिनी गायब! दोष कोणत्याच पेटीत नसतो. तेथे दोन तोंडांचे यंत्र आणि दोन स्वतंत्र तारा लागतात.

आता तार मागे पडून पेट्या घरातल्या वायफायवर बोलू लागल्या आहेत. श्रोतेहो, शोधाची रीत येथेही गच्चीवरचीच आहे: उगमापासून पडद्याकडे एकेक पायरी चालत यावे. राउटरपर्यंत इंटरनेट आहे काय? पेटीला घरातला पत्ता मिळाला काय? दोन्ही पेट्या एकाच जाळ्यात आहेत काय? पुष्कळ घरांत कंपनीचा एक राउटर आणि आपण आणलेला दुसरा, असे दोन असतात व दोघेही पत्ते वाटीत सुटतात. एका गावात दोन पोस्टमास्तर झाल्यावर पत्र कसे पोहोचावे? पहिल्या पेटीला दुसरी दिसत नाही ती ह्यामुळे. दोहोंपैकी एकाचे पत्ते वाटणे बंद करावे. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले वायफायही असेच. त्यावरील पेटी घरात असून परकी राहते.

आपल्याकडील माळवदाच्या घरांना दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती असतात. उन्हाळ्यात त्यांचे उपकार फेडता येत नाहीत, पण ५ गिगाहर्ट्झची लहर त्यांत अडून पडते, २.४ ची त्यामानाने पार होते, मात्र तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही गर्दी असते. अशा घरात भिंतीस एक भोक पाडून जाळ्याची तार पलीकडे नेणे हाच खरा उपाय. आणि मदतकेंद्राला फोन लावण्यापूर्वी एवढे करून पाहावे: न चालणारी पेटी उचलून राउटरशेजारी आणावी व आखूड तारेने जोडावी. तेथे ती चालली, तर दोष बहुधा भिंतीचा. तेथेही न चालली, तर चालणाऱ्या पेटीची तार तिला लावावी, म्हणजे पेटी की तार हे पाच मिनिटांत कळते.