मंदीतली शाळा: टोयोटा आणि खडूचं वर्तुळ

ऑफिसात कानबान बोर्डवर टास्क सरकवता ना? ती कल्पना आली एका बुडत्या कारखान्यातून.

१९४९. महागाई रोखायला जपानमध्ये ‘डॉज लाइन’ हे काटकसरीचं धोरण आलं. कर्ज मिळेना, गाड्या खपेनात. १९५० मध्ये टोयोटात कामगारकपातीवरून संप पेटला. शेवटी कपात झालीच, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपद सोडलं. त्याच जूनमध्ये कोरियन युद्ध सुरू झालं, ट्रकच्या ऑर्डर आल्या, म्हणून कंपनी तगली.

धडा मात्र राहिला: पडून असलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. मशीन शॉपचे ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटची कल्पना उचलली. गिऱ्हाईक नेईल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. तसंच पुढच्या विभागाने लागतील तेवढेच सुटे भाग मागच्याकडून आणायचे. त्यासाठीचं कार्ड म्हणजे कानबान.

पण हे चालवणारी माणसं? ती घडवावी लागली. ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून शिकणाऱ्याला तासन्‌तास त्यात उभं करायचे. बघ, माल कुठे अडतो? माणूस कुठे ताटकळतो? का? पुढे हे शिक्षण पुरवठादारांच्या कारखान्यांतही गेलं. १९७३ च्या तेलसंकटातून टोयोटा लवकर सावरली, तेव्हा बाकीच्या जपानी कंपन्यांचं लक्ष तिकडे वळलं.

मंदीत पहिली कात्री ट्रेनिंगवर चालते. सप्लाय चेनमधल्या दोस्तांनो, बजेट नसलं तरी गोदामात तासभर उभं राहता येतं. एकच खोका निवडा आणि तो कुठे, का थांबतो ते लिहून काढा.

भेटू पुढच्या भागात!