परिस्थिति आणि आचार

मनुष्याचा स्वभाव त्याच्या आचारावरून ओळखावा, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु त्या आचारांत त्याच्या मनाचा भाग किती आणि भोंवतालच्या परिस्थितीनें त्याजकडून करवून घेतलेला भाग किती, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुंबई इलाख्यांतील शिवाशिवीचा इतिहास या दृष्टीनें पाहिला असतां बराच बोध होण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल पहिली आगगाडी धांवली. सोंवळ्याओंवळ्याचा दरारा तेव्हां मोठा होता. नाना जातींचीं माणसें एका डब्यांत अंगाला अंग लावून बसतील कीं नाहीं, ही शंका अनेकांस होती. परंतु कंपनीनें डब्यांचे वर्ग पाडिले ते भाड्याच्या दरावरून, जातीवरून नव्हेत. विटाळ टाळावयाचा तर गाडीच सोडावी लागे, आणि गाडी सोडण्यास कोणी तयार नव्हतें. तेव्हां गांवीं ज्यांनीं शेजाऱ्याची सावलीही चुकविली, तेच तिसऱ्या वर्गाच्या बांकावर कोणासही खेटून बसूं लागले. आगगाडीनें काशीयात्रेसही जाऊं लागले. शास्त्रीपंडितांच्या निर्णयाची त्यांनीं वाट पाहिली नाहीं.

यावरून आगगाडीनें भेद मोडले, असें मात्र कोणी समजूं नये. तोच प्रवासी फलाटावर उतरला म्हणजे तेथें ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी निराळी सोय असे, आणि अस्पृश्याच्या ओंजळींत पाणी पडलेंच तर तें वरून पडे. डब्यांतला मनुष्य व फलाटावरचा मनुष्य एकच. मधल्या चार पावलांत त्याचें मन बदललें नव्हतें. बांक निराळें मिळणें अशक्य होतें, पाणी निराळें मिळणें शक्य होतें, एवढाच काय तो फरक.

मुंबईच्या कापडगिरण्यांतही हाच प्रकार दिसतो. कांहीं खात्यांत अस्पृश्य कामगारांस काम मिळे. परंतु विणकामाच्या खात्याचें दार त्यांस बंद असे. कारण असें सांगण्यांत येई कीं, कांडी बदलतांना धाग्याचें टोंक धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागतें, तेव्हां विटाळ होतो. विणकामास मजुरी अधिक मिळे, हेंही येथें विसरून चालावयाचें नाहीं. १९२८ च्या गिरणीसंपांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणिला, तेव्हां एकीच्या घोषणा करणाऱ्यांचीही अडचण झाली. भेद सोडल्यानें जेथें सोय होते तेथें तो चटकन सुटतो. पाळल्यानें जेथें लाभ होतो तेथें त्यास धर्माचें नांव मिळतें.

मग नुसत्या ठरावांनीं काय साधतें? सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेकौन्सिलनें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनें पुढील वर्षीं चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. पण तळ्याच्या कांठीं रोजचा व्यवहार होता तसाच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां त्या मंडळींवर हल्ला झाला. पुढें शेण व गोमूत्र घातलेल्या १०८ घागरींनीं तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल उजाडलें.

येथें कोणी म्हणेल कीं, परिस्थितीच जर मनुष्याकडून सर्व करविते, तर त्यास दोष कां द्यावा? या शंकेचें उत्तर पुण्यांतच सांपडतें. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां त्यांच्या भोंवतालची परिस्थिति शेजाऱ्यापाजाऱ्यांहून निराळी नव्हती. परिस्थिति बहुतेकांस वळण लावते हें खरें. परंतु ती परिस्थिति कोणीतरी माणसेंच बदलतात, हेंही तितकेंच खरें आहे.

राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदानें १९५० सालीं अस्पृश्यता नष्ट झाली. कचेरींत, आगगाडींत, उपाहारगृहांत आज शेजाऱ्याची जात कोणी विचारीत नाहीं, आणि आपण सुधारलों असें समाधान आपणांस वाटतें. परंतु तेथें निवड करण्यास वावच नसतो. आपल्या मनाची खरी परीक्षा जेथें निवड आपल्या हातीं असते तेथेंच होते. धुणेंभांडें करणाऱ्या बाईचा चहाचा कप अनेक सुशिक्षित घरांत अजून निराळा ठेवलेला असतो. तो कोणत्या कायद्यानें ठेवावयास लाविला, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें आपल्याशीं विचारून पाहावा, इतकीच आमची विनंति आहे.