मेंढीचे दुखणे माणसाच्या माथी

दसरा उलटला की मराठवाड्यातल्या शिवारांत सोयाबीनच्या गंजी उभ्या राहतात. मळणीयंत्राची घरघर रात्री उशिरापर्यंत चालते, अंगणात पिवळे दाणे वाळत पडतात आणि लातूरच्या आडतीत पोत्यांच्या थप्प्या लागतात. कितीतरी घरांत दिवाळीचा किराणा या दाण्यांच्याच पैशांतून येतो. पण ज्याने ते पिकवले त्याचाच तालमीत जाणारा मुलगा ताटातल्या सोयाच्या वड्या बोटाने कडेला सारतो. त्या खाल्ल्या की पुरुषाच्या अंगी बायकीपणा येतो, असे त्याला कोणी तरी सांगितलेले असते. आईने थायरॉइडचे ऐकलेले असते आणि शेजारच्या काकूंनी कर्करोगाचे. गंमत अशी, की हाच मुलगा रविवारी कोंबडीच्या रश्श्यावर ताव मारतो, आणि ती कोंबडी बहुधा सोयाबीनच्या पेंडीवरच वाढलेली असते!

या समजुती कोठून आल्या? त्यांचा माग काढू लागले म्हणजे पावले भलत्याच मुलखात जाऊन पोहोचतात.

पहिल्याने सोयाबीन आपल्याकडे आले ते भीती घेऊन नव्हे, तर कौतुक घेऊन. 1935 साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. आहाराचे प्रयोग हा त्यांचा जुना छंद. तेथल्या स्वयंपाकघरात त्यांनी सोयाबीन शिजवायला लावले आणि त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. बडोदे संस्थानात तर या पिकाचा रीतसर प्रचारच चालू होता. तेथील अधिकारी एफ. एस. काळे यांनी 1936 साली सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभरात चाळीस भाग प्रथिने आणि वीस भाग तेल असलेला दाणा गरिबाला दूध-तुपाची उणीव भासू देणार नाही, अशी त्या वेळच्या पुष्कळ भल्या माणसांची आशा होती.

आशेला लवकरच ठेच लागली. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. ॲक्रॉइड आणि त्यांचे सहकारी शाळकरी मुलांना वेगवेगळे पूरक अन्न देऊन पाहत होते. साय काढलेल्या दुधाने मुलांची वाढ सुधारली. सोयाबीनने तशी सुधारली नाही. पुढे 1946 साली सरकारी संशोधन संस्थेच्या एका समितीनेही निर्वाळा दिला, की आपल्या नेहमीच्या डाळींहून सोयाबीन काही विशेष सरस ठरत नाही. तूर-मुगावर वाढलेल्या आपल्या लोकांना त्याचा उग्र वासही रुचला नव्हता. ‘पचायला जड’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच.

या शिक्क्यात थोडे तथ्य आहे, हे कबूल केले पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे एक द्रव्य असते. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1917 सालीच दाखवून दिले होते, की कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटते आणि तेच चांगले शिजवून दिले की ते धडधाकट वाढतात. दोष दाण्याचा खरा, पण तो चुलीवर नाहीसा होणारा. बाजारातली वडी तर तयार होतानाच चांगल्या उष्णतेतून निघालेली असते.

बायकीपणाची गोष्ट मात्र चुलीपाशी सुरू होत नाही. ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुरणांत सुरू होते, आणि तेथे सोयाबीनचा एक दाणाही नव्हता. 1940 नंतरच्या वर्षांत तेथले मेंढपाळ हवालदिल झाले. धष्टपुष्ट दिसणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात; राहिल्या तर विताना अडत; काहींचे मायांग बाहेर येई. बेनेट्स, अंडरवुड आणि शियर या तिघांनी तपास करून 1946 साली निष्कर्ष छापला, की हा कुरणातल्या क्लोव्हरचा प्रताप आहे. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडच्या बरसीमचे भावंड. त्या मेंढ्या महिनोन्‌महिने जवळजवळ तेवढेच खात होत्या. त्यातल्या एका द्रव्याचे मेंढीच्या पोटात असे रूपांतर होई, की ते मादीच्या संप्रेरकाची, म्हणजे इस्ट्रोजेनची, नक्कल करी.

आता सोयाबीन या गोष्टीत कसे शिरले? क्लोव्हरमधल्या द्रव्याची चुलत भावंडे, ज्यांना आयसोफ्लेव्होन म्हणतात, ती सोयाबीनमध्ये आहेत. एवढे खरे. ‘वनस्पतीतले इस्ट्रोजेन’ असे त्यांचे नाव पडले आणि नावानेच घात केला. नारायणरावाच्या वेळी एका ‘ध’चा ‘मा’ झाला असे सांगतात. येथे तर गवताचे कडधान्य झाले आणि मेंढीचा माणूस! नक्कल करणारे द्रव्य अस्सलासारखे जोरकस असेलच असे नाही. ही द्रव्ये इस्ट्रोजेनच्या मानाने फारच दुबळी आहेत. शिवाय शरीरात इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी कुलुपे दोन प्रकारची असतात. त्यांपैकी दुसरे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना 1996 साली सापडले, आणि सोयातली द्रव्ये बसतात ती मुख्यतः त्या दुसऱ्यात. म्हणून त्यांचे काम इस्ट्रोजेनच्या कामाबरहुकूम होत नाही.

पण एकदा संशय रुजला की त्याला खतपाणी मिळतच जाते. 1987 साली अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतील चित्त्यांची गोष्ट पुढे आली. त्यांच्या खाद्यात सोया होते, त्यांची यकृते बिघडत होती आणि पिलेही होत नव्हती. मार्जारकुळाला अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकणे नीट जमत नाही, हा तपशील मात्र गोष्टीबरोबर फिरला नाही. नंतर 2008 साली साठीच्या एका अमेरिकन गृहस्थांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांची छाती वाढली होती. चौकशीत निघाले, की ते रोज पावणेतीन लिटरांच्या आसपास सोयादूध पीत असत! ते बंद केल्यावर त्यांच्या रक्तातली संप्रेरके पूर्ववत झाली. आपल्याकडे कोणी रोज पावणेतीन लिटर म्हशीचे दूध पिऊ लागला, तरी घरची मंडळी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहतील.

एका गृहस्थांची गोष्ट जगभर गेली. अनेकांची गेली नाही. पुरुषांवर झालेल्या प्रयोगांची 2010 साली एकत्र छाननी झाली आणि 2021 मध्ये 41 अभ्यास घेऊन ती पुन्हा झाली. सोया खाल्ल्याने पुरुषी संप्रेरक उतरत नाही, असेच दोन्ही वेळा दिसले.

तालमीतल्या मुलाने वडी टाकली तर तो अंडे खाईल, हरभरे खाईल. त्याचे फारसे बिघडत नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईचे तसे नाही. तिचा गाठोड्याएवढा धीर आधीच खर्ची पडलेला असतो, आणि त्यात कोणी तरी ‘वाढीला लागेल हं’ असे सांगून तिच्या घासात भीती कालवतो. हा प्रश्न शांघायमधल्या डॉक्टरांनी थेट तपासला. अशा 5,042 स्त्रियांचा त्यांनी सुमारे चार वर्षे मागोवा घेतला आणि 2009 साली निष्कर्ष छापले. ज्या स्त्रियांच्या जेवणात सोया अधिक होते त्यांच्यात रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक नव्हते, उलट कमी होते. सोयामुळेच ते कमी झाले असे यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण अपायाची भीती येथे टिकत नाही. हे जेवणातल्या सोयाविषयी. अर्क काढून बनवलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

थायरॉइडच्या समजुतीचे मूळ 1960 च्या सुमाराचे आहे. सोयाच्या दुधावर वाढवलेल्या काही अमेरिकन तान्ह्या मुलांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडिन नव्हते. ते घालू लागल्यावर हा प्रकार थांबला. मात्र थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सोयाच्या पदार्थाबरोबर घेऊ नये, मध्ये काही तास जाऊ द्यावेत. नाही तर गोळी अंगी नीट लागत नाही.

स्तुतीचेही असेच आहे. रोज 25 ग्रॅम सोयाप्रथिने खाल्ल्यास हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो, असे छापण्याची मुभा अमेरिकन सरकारच्या अन्न-औषध खात्याने 1999 साली दिली. 2017 मध्ये पुरावा पुरेसा पक्का नाही म्हणून त्याच खात्याने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. कोलेस्टेरॉल उतरते, पण शेकड्याला तीन-चार. वर्ध्याला जे डाळ म्हणून ताटात आले, ते तेथे औषध म्हणून विकले जात होते.

ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तेथल्या कृषिशास्त्रज्ञांनी ते द्रव्य कमी असलेल्या क्लोव्हरच्या जाती शोधून काढल्या, मेंढपाळांनी कुरणे नव्याने पेरली, आणि मेंढ्या पूर्वीसारख्या विऊ लागल्या.