शिकवून विकलेली सायकल

भोपाळच्या कोलार रोडवरून शाळेला सायकलीने जावे, असे चाळिशी उलटल्यावर मी ठरविले. पण दुकानात गेल्यावर निवड करवेना. तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

तेही शिक्षकच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता ते सायकली विकत घेऊन बेळगावी धाडीत. तेथे बंधू रामुअण्णा त्या विकीत आणि चालवावयासही शिकवीत. १८८५ साली स्टार्लीने जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला. यंत्र सुधारले होते, परंतु माणसाची भीती उरली होती. ती घालविल्यावाचून विक्री पुरी होत नाही, हे या बंधूंनी ओळखले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावी आले. त्याच घराण्याच्या उद्योगातून १९०३ साली लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मीही दुकानदारास म्हटले, “किंमत मागाहून सांगा, आधी बसून पाहू द्या.” पायटा तळाशी असता गुडघा किंचित वाकलेला राहिला, ब्रेक हाताशी आले. मोठ्या वाहनांची धास्ती मात्र मनात होती. पहिले आठ दिवस पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर सराव केला. मग शाळेची वाट धरली.