गुराबेचं मोजमाप

जपानच्या ‘यामातो’ या युद्धनौकेचं तामिया कंपनीचं मॉडेल किट मिळतं. प्रमाण १:३५०. खरी नौका २६३ मीटर लांब, म्हणून टेबलावरची साधारण ७५ सेंटिमीटर. ७ एप्रिल १९४५ला अमेरिकी विमानांनी ती बुडवली. युद्ध हरताना जपान्यांनी तिचे बरेचसे नकाशे आणि फोटो नष्ट केले. तरी उरलेले कागद आणि समुद्रतळाशी सापडलेले अवशेष यांवरून तिची मापं पुन्हा जुळवता आली. ती जिथे बांधली, त्या कुरे शहरात आज तिची १:१० प्रमाणातली, २६.३ मीटरची प्रतिकृती उभी आहे.

आता आपल्या खाडीकडे येऊ. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्यावर अष्टमी. हीच नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथून उत्तरेला अलिबागचा कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. या किनाऱ्याची लढाऊ नौका म्हणजे गुराब. तिचं किट करायचं, तर मापं कुठून आणायची?

सगळ्यात तपशीलवार वर्णन मिळतं ते शत्रुपक्षाकडून. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली आला. तो सांगतो : दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. नाळ लांब, पुढे झेपावलेली. तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी. सोबतची गलबतं जास्तीत जास्त ७० टनांची, ४०-५० वल्ह्यांची. वारा पडला की ती गुराबांना ओढत नेत. लांबीच्या मानाने गुराब रुंद होती, असंही तो म्हणतो. पण लांबीचा आकडा देत नाही.

ताडून पाहायला नौका तरी हवी होती. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांनी समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून विजयदुर्गाला घेरलं. बंदरात नांगरलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, ती पसरली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांचं आरमार जळताना मराठी फौज दुसऱ्या बाजूला उभी होती.

म्हणून मॉडेल करताना मोह आवरावा लागतो. तोफांच्या तीन रांगांचं युरोपीय जहाज करून त्यावर भगवा लावणं सोपं आहे. पण त्यात गुराबेची सगळी अक्कल हरवते. मोठ्या जहाजाच्या बाजूच्या तोफांसमोर न जाता, वल्ह्यांच्या जोरावर त्याच्या मागून यायचं आणि नाळेवरून मारायचं, यासाठी ती घडली होती.

गुराबेचं किट कधी निघालंच, तर खोक्यात एकटी गुराब नको. ओढणारी गलबतंही हवीत, दोरखंडासकट.