कंटेनरसाठीचे कर्नेल पॅच: बांधणी व चाचणी

कर्नेल पॅच म्हणजे संचालन प्रणालीच्या गाभ्यात, अर्थात कर्नेलच्या मूळ आज्ञावलीत करावयाच्या बदलांची नोंद होय. कोणत्या फाइलमधील कोणत्या ओळी वगळावयाच्या आणि त्यांच्या जागी कोणत्या घालावयाच्या, हे या नोंदीत नेमकेपणाने दिलेले असते. लिनक्सवरील कंटेनर कर्नेलमधील सुविधांवरच उभे असतात आणि एका यंत्रावरील सर्व कंटेनर एकच कर्नेल वापरतात. त्यामुळे एका पॅचमधील चूक सर्वांना बाधते. या कारणाने अशा पॅचची बांधणी व चाचणी विशेष काळजीपूर्वक केली जाते.

पार्श्वभूमी

आभासी यंत्रामध्ये प्रत्येक पाहुण्या प्रणालीला स्वतःचे कर्नेल असते. कंटेनरमध्ये तसे नसते. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे व चुली वेगळ्या, पण जोते आणि आड एकच, तशी ही व्यवस्था आहे. प्रक्रियांना वेगळे ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणून युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) 'सीएचरूट' या सुविधेचा उल्लेख केला जातो. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली 'जेल' ही सुविधा आली.

लिनक्समध्ये हे काम मुख्यतः दोन सुविधा करतात. 'नेमस्पेस' ही सुविधा प्रक्रियेला काय दिसावे हे ठरवते, तर 'सीग्रुप' ही सुविधा तिला किती साधने मिळावीत हे ठरवते. पहिली नेमस्पेस २००२ मध्ये २.४.१९ या आवृत्तीत आली. सीग्रुपचे काम गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केले व ते जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या आवृत्तीत समाविष्ट झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले डॉकर याच पायावर उभे आहे.

भारतीय अभियंत्यांचे योगदान

कंटेनरची स्मृतिमर्यादा ठरवणारा 'मेमरी कंट्रोलर' हा भाग आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह यांनी लिहिला. तो एप्रिल २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत आला. प्रक्रियांच्या गटांमध्ये प्रोसेसरचा वेळ वाटून देणाऱ्या व्यवस्थेत आयबीएमचेच श्रीवत्स वड्डगिरी यांचे काम आहे. मेमरी कंट्रोलरच्या आरंभीच्या रचनेत स्मृतीच्या प्रत्येक पानामागे एक स्वतंत्र नोंद ठेवावी लागे. तिचा भार कंटेनर न वापरणाऱ्यांवरही पडे, म्हणून यंत्र सुरू करतानाच ही सुविधा बंद करण्याची सोय देण्यात आली. पुढे २०१५ मधील ३.१९ या आवृत्तीत ही वेगळी नोंद काढून टाकण्यात आली. नवी सुविधा चालते की नाही एवढे पाहून भागत नाही. ती न वापरणाऱ्यास काय किंमत मोजावी लागते, हेही तपासावे लागते, असे यावरून दिसते.

बांधणी

प्रथम गिटच्या साहाय्याने मूळ आज्ञावली मिळवून तिच्यावर पॅच लावला जातो. लेखनशैली तपासण्यासाठी कर्नेलसोबतच 'चेकपॅच' ही आज्ञावली दिलेली असते. त्यानंतर नेमस्पेस, सीग्रुप, मेमरी कंट्रोलर, ओव्हरले फाइल प्रणाली व आभासी नेटवर्क जोडणी हे पर्याय चालू करून जीसीसी किंवा क्लँगने संकलन केले जाते. पर्याय चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत बांधणी यशस्वी व्हावी लागते. पॅचची मालिका असेल तर प्रत्येक टप्प्यावर कर्नेल बांधले गेले पाहिजे. अन्यथा पुढे एखादा दोष कोणत्या बदलामुळे शिरला, हे मधल्या आवृत्त्या तपासून शोधता येत नाही.

चाचणी

कर्नेलची बांधणी कंटेनरच्या आत करता येते आणि संकलकाची आवृत्ती निश्चित राहावी म्हणून तशी केलीही जाते. परंतु बांधलेले कर्नेल त्याच कंटेनरमध्ये चालवून पाहता येत नाही, कारण तेथे यजमान यंत्राचेच कर्नेल चालू असते. म्हणून चाचणीसाठी क्यूईएमयूसारखे आभासी यंत्र किंवा वेगळा संगणक वापरतात.

कर्नेलसोबतच्या 'केसेल्फटेस्ट' या संचात सीग्रुपच्या चाचण्या आहेत, तर 'लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट'मध्ये कंटेनर व साधननियंत्रण यांचे स्वतंत्र विभाग आहेत. स्मृतीचा चुकीचा वापर 'केएसॅन' हे साधन पकडते. गूगलचे 'सिझबॉट' कर्नेलला सतत यादृच्छिक विनंत्या पाठवून दोष शोधते. चाचणीनंतर पॅच संबंधित विभागाच्या देखभालकर्त्याकडे स्वाक्षरीच्या ओळीसह पाठवला जातो.

अपुऱ्या चाचणीचे परिणाम

'डर्टी काऊ' (सीव्हीई-२०१६-५१९५) हा दोष या संदर्भात बोधप्रद आहे. केवळ वाचण्यासाठी असलेल्या स्मृतीत सामान्य वापरकर्त्यालाही लिहिता येईल, असा हा दोष होता. त्याचा वापर करून कंटेनरच्या आतून यजमान यंत्रावर ताबा मिळवणे शक्य होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, परंतु आयबीएमच्या एस३९० या यंत्ररचनेवर अडचणी आल्याने तो बदल मागे घेतला गेला. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तीही स्मृतीच्या मोठ्या पानांच्या बाबतीत अपुरी असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि आणखी एक पॅच काढावा लागला. एका यंत्ररचनेवर किंवा एकाच प्रकारच्या स्मृतीवर केलेली चाचणी पुरेशी नसते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पॅच वापरात आणणे

कंटेनरच्या इमेजमध्ये कर्नेल नसते. त्यामुळे इमेज कितीही वेळा अद्ययावत केली, तरी कर्नेलमधील दोष तसाच राहतो. तो दूर करण्यासाठी यजमान यंत्राचेच कर्नेल बदलावे लागते. साधारणतः त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते व त्यावरील सर्व कंटेनर काही काळ थांबतात. एप्रिल २०१५ मधील ४.० या आवृत्तीपासून चालू कर्नेलमध्येच पॅच लावण्याची मूलभूत सोय लिनक्समध्ये आहे. रेड हॅटचे 'केपॅच' व सुसेचे 'केग्राफ्ट' या दोन प्रयत्नांतून ती घडली. मात्र कर्नेलच्या अंतर्गत माहितीची रचना बदलणारे पॅच या मार्गाने लावणे कठीण असते, म्हणून ही सोय प्रामुख्याने लहान सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी वापरली जाते.