वऱ्हाडचे नाव आणि पलटणीचे शिरोभूषण

लष्करी गणवेशाच्या सर्व अंगांत शिरोभूषणाला जेवढा अर्थ चिकटलेला असतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही अंगाला नसतो. आपल्याकडे मस्तक झाकलेले असणे हे अदबीचे लक्षण, तर पागोटे उतरविणे हे शरणागतीचे किंवा शोकाचे चिन्ह मानले गेले. युरोपीय रीत याच्या उलट होती. तेथे आदर दाखविण्यासाठी टोपी काढीत. म्हणून कंपनी सरकारच्या हिंदी पलटणींत शिपायाच्या डोक्यावर काय असावे, हा प्रश्न केवळ शिंप्याचा राहिला नाही; तो सत्तेचा प्रश्न झाला.

याचा विदारक प्रत्यय वेल्लोर येथे आला. नोव्हेंबर 1805 मध्ये मद्रास फौजेत नव्या धर्तीचे, चामड्याचा तुरा असलेले पागोटे सक्तीचे करण्यात आले. शिवाय गंध व कर्णभूषणे यांस बंदी झाली. टोपीसारखे दिसणारे हे पागोटे म्हणजे धर्मांतराची पूर्वतयारी होय, असा शिपायांचा समज झाला आणि 10 जुलै 1806 रोजी बंड उसळले. बंड चिरडले गेले, पण पागोट्याचा हुकूमही मागे घ्यावा लागला. गव्हर्नर बेंटिंक व सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही परत बोलाविण्यात आले.

वेल्लोरच्या प्रसंगानंतर थोड्याच वर्षांत हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, 'रसेल ब्रिगेड' उभी केली. हिच्यासह निजामाच्या अन्य पलटणी मिळून पुढे हैदराबाद कंटिंजंट बनली. तिचा खर्च थकत गेला, तेव्हा 21 मे 1853 च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे तोडून देण्यात आला. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ व 4 तोफखाने एवढी फौज या तहाने ठरली. मेहकर, चिखली, मलकापूर या आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील भागांचा शेतसारा तेव्हापासून या फौजेकडे वळला. शिपायांत मात्र उत्तर हिंदुस्थानी लोकांचा मोठा भरणा होता. सारा वऱ्हाडी कुणब्याचा, हुकूम इंग्रजांचा आणि नाव निजामाचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

1902 च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक 25 लाख रुपयांच्या बोलीवर इंग्रजांकडे कायमचे गेले, आणि 1903 मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या पलटणींपैकी 94 व 95 या क्रमांकांना रसेलचे नाव राहिले, तर 96 व्या पलटणीस 'बेरार इन्फंट्री' हे नाव मिळाले. 1922 च्या पुनर्रचनेत ही पलटण 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि 1945 मध्ये त्या रेजिमेंटचे नामांतर कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. आजही 2 कुमाऊँ ही 'बेरार' या नावाने ओळखली जाते. तिच्या जवानांच्या बेरे टोपीवरील बिल्ल्यात हाती क्रॉस धरलेला अर्धसिंह आहे. तो रसेल घराण्याच्या कुलचिन्हावरून आलेला होय. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर यावा, कापडाचा घोळ उजवीकडे ओढावा, डोके उघडे असता हाताने सलाम न करता केवळ सावधान उभे राहावे, या रीती जवान अंगवळणी पाडतो. त्या चिन्हामागे वऱ्हाडचा सारा आहे, हे त्या रीतींत कोठेही नोंदलेले नाही.

चिन्हे बदलता येत नाहीत असे मात्र नव्हे. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे उभारलेल्या महार रेजिमेंटच्या मूळ बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगनच्या जोडीसह कोरेगावचा जयस्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. एका रेजिमेंटने आपल्या शौर्याची खूण असलेला स्तंभ सोडला. दुसरीने परक्या रेसिडेंटाचा सिंह राखला. दोन्ही निर्णयांवरून एवढे स्पष्ट होते की, शिरोभूषण हे इतिहासाचे साधन असले तरी ते संपूर्ण साक्ष देत नाही. फौज कोणी उभारली हे ते सांगते. ती कोणी पोसली हे सांगत नाही. वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच बिल्ल्याबरोबर जमाबंदीचे दप्तरही उघडले पाहिजे.